किंग जॉन आणि मॅग्ना कार्टा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमपीएससी करणाऱ्यांना मॅग्ना कार्टा म्हटलं की आधी १८५४ चा वुडचा खलिता आठवतो, कारण गाईडमध्ये त्याला 'भारतीय शिक्षणाचा मॅग्ना कार्टा' लिहिलेलं असतं, आणि तेवढं पाठ केलं की मार्क मिळतो म्हणून मूळ मॅग्ना कार्टा (लॅटिनमध्ये 'मोठी सनद', इंग्लंडच्या राजाच्या मनमानीला लगाम घालणारी) कोणाच्या डोक्यावर बसून लिहून घेतला हे कोणी बघत नाही. तो राजा म्हणजे जॉन. इंग्लंडच्या इतिहासातला सगळ्यात बदनाम राजा म्हटलं तरी चालेल. त्याच्याबद्दल लोक जे प्रश्न हमखास विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र देतोय. मधे मधे माझी मतं येतील, ती पटली नाहीत तर सोडून द्या.

हा जॉन नक्की कोण आणि कधीचा?

राज्य ११९९ ते १२१६. बाप हेन्री दुसरा, आई एलिनॉर ऑफ अ‍ॅक्विटेन, मोठा भाऊ तो क्रुसेडवाला (जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धातला) रिचर्ड द लायनहार्ट. जॉन भावंडांत सगळ्यात धाकटा. आता 'इंग्लंडचा राजा' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फक्त इंग्लंड येतं, पण या घराण्याकडे तेव्हा अर्ध्या फ्रान्सएवढा मुलूख होता, नॉर्मंडी, अ‍ॅन्जू, पोआतू, अ‍ॅक्विटेन, म्हणजे स्कॉटलंडच्या सीमेपासून खाली स्पेनच्या डोंगरांपर्यंत. घरात बोलायचे फ्रेंच. फ्रान्समधल्या जमिनींसाठी ते कागदोपत्री फ्रान्सच्या राजाचे मांडलिक होते, हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळं रामायण त्याच्यावरच घडतं.

त्याला 'लॅकलँड' का म्हणायचे?

लॅकलँड म्हणजे बिनजमिनीचा. बापाने मोठ्या पोरांना वाटण्या करून दिल्या, रिचर्डला अ‍ॅक्विटेन, जेफ्रीला ब्रिटनी, आणि धाकट्याच्या वाटणीला काही उरलंच नाही. मग ११८५ ला बापाने त्याला आयर्लंड सांभाळायला पाठवलं. तिथले सरदार भेटायला, मान द्यायला आले तर हे अठरा-एकोणीस वर्षांचे साहेब आणि त्यांची मित्रमंडळी त्यांच्या लांब दाढ्या ओढून हसत बसली. हे सोबत गेलेल्या जेराल्ड ऑफ वेल्स नावाच्या पाद्र्यानेच लिहून ठेवलंय. वर सैनिकांचे पगार दिले नाहीत म्हणून सैनिक पळून गेले, आणि वर्षाच्या आत जॉन परत घरी.

भाऊ कैदेत असताना याने गादी बळकवायचा प्रयत्न केला, हे खरं का?

हो, शंभर टक्के. आणि त्याआधी बापालाही सोडलं नव्हतं. ११८९ मध्ये रिचर्ड आणि फ्रान्सचा राजा फिलिप मिळून म्हाताऱ्या हेन्रीवर चालून गेले, तेव्हा फितुरांच्या यादीत पहिलंच नाव लाडक्या जॉनचं निघालं, आणि दोन-तीन दिवसांत शिनॉनच्या किल्ल्यात हेन्री गेला. त्या धक्क्यानेच गेला असं त्या काळी सगळे म्हणायचे.

पुढे रिचर्ड क्रुसेडवरून परत येताना ११९२ च्या डिसेंबरात व्हिएन्नाजवळ पकडला गेला, दीड लाख मार्कांची खंडणी ठरली (एक मार्क म्हणजे पाउंडाचा दोन तृतीयांश), इकडे आई पैसे गोळा करतेय आणि हा फिलिपशी हातमिळवणी करून जर्मन सम्राटाला सांगतोय की आम्ही पैसे देतो पण त्याला सोडू नका. रिचर्ड सुटून आला तेव्हा जॉन पाया पडला आणि रिचर्डने त्याला माफ करून टाकलं, म्हणाला पोर आहे, वाईट संगतीला लागलं. पोर तेव्हा सत्तावीस वर्षांचं होतं!

गादी कायद्याने त्याचीच होती का?

इथे खरा गुंता आहे. ६ एप्रिल ११९९ ला रिचर्ड एका किरकोळ किल्ल्याच्या वेढ्यात बाण लागून मेला, त्याला औरस मूल नव्हतं. मागे राहिले दोघं, धाकटा भाऊ जॉन आणि मधला भाऊ जेफ्री आधीच वारला होता त्याचा बारा वर्षांचा मुलगा आर्थर. भाऊ आधी की मेलेल्या भावाचा मुलगा आधी? याचा पक्का नियम तेव्हा ठरलेलाच नव्हता. इंग्लंड आणि नॉर्मंडीने जॉन उचलला, अ‍ॅन्जू आणि ब्रिटनीने आर्थर, आणि फिलिप ज्याच्याकडून फायदा त्याच्या बाजूला. २७ मे ११९९ ला वेस्टमिन्स्टरला जॉनचा राज्याभिषेक झाला. पुढच्या वर्षी फिलिपनेही त्याला मान्यता दिली, अर्थात पैसे आणि मुलूख घेऊन.

एका लग्नामुळे नॉर्मंडी गेली म्हणतात, ते काय प्रकरण?

१२०० साली जॉनने पहिलं लग्न रद्द करून घेऊन अँगुलेमच्या इसाबेलाशी लग्न केलं. ती जेमतेम बारा वर्षांची असावी, आणि तिचं आधीच ह्यू द लुझिन्यां या बड्या सरदाराशी ठरलेलं होतं. राजकारण म्हणून हिशोब चूक नव्हता, अँगुलेम हा नाक्यावरचा मुलूख, तो लुझिन्यांच्या हातात जाणं परवडणारं नव्हतं. पण दुसऱ्याची ठरलेली नवरी उचलली की निदान काहीतरी भरपाई देऊन त्याचं तोंड बंद करायचं असतं ना, जॉनने उलट त्यांच्याच जमिनींवर हात टाकला. लुझिन्यां गेले वरच्या कोर्टात, म्हणजे फिलिपकडे, आणि फिलिपला हेच पाहिजे होतं. त्याने जॉनला मांडलिक म्हणून हजर राहायला सांगितलं, जॉन गेला नाही, १२०२ मध्ये फिलिपने त्याच्या फ्रान्समधल्या जमिनी जप्त जाहीर केल्या आणि आर्थरला पुढे करून युद्ध सुरू केलं.

मग जॉन लढायला कच्चा होता का?

नाही, आणि इथेच लोकांचं गणित चुकतं. त्याला 'सॉफ्टस्वर्ड' म्हणजे मऊ तलवारीचा असंही चिडवायचे पण मिराबोची लढाई बघा. जुलै १२०२ च्या शेवटी आर्थर आणि लुझिन्यांनी जॉनच्या आईला, ऐंशीला टेकलेल्या एलिनॉरला, मिराबोच्या किल्ल्यात कोंडलं. सख्खा नातू आजीला वेढा घालून बसलाय. जॉन ल मांसजवळ होता, बातमी कळल्यावर अठ्ठेचाळीस तासांत ऐंशी मैलांवर दौड मारून १ ऑगस्टला पहाटे येऊन धडकला, सरदार मंडळी न्याहारी करत बसली होती, सगळे जिवंत हाती लागले, आर्थर, लुझिन्यां आणि दोनशेहून जास्त नाइट, म्हणजे चिलखती घोडेस्वार. असा विजय रिचर्डलाही एका दिवसात मिळाला नव्हता.

आणि मग त्याने तो सगळा घालवला. विल्यम द रोश नावाचा सरदार या मोहिमेत पुढे होता, त्याला जॉनने कबूल केलं होतं की आर्थरचं काय करायचं ते तुझ्या सल्ल्याने ठरवू. जिंकल्यावर सल्लाबिल्ला विसरला. कैद्यांना साखळदंडात घालून मिरवलं, त्यातले २२ जण इंग्लंडमध्ये कॉर्फच्या किल्ल्यात उपाशी मेले असं त्या काळच्या एका मठाच्या बखरीत आहे. विल्यम द रोश चिडून फिलिपकडे गेला, त्याच्या मागे अ‍ॅन्जू गेलं. मार्च १२०४ मध्ये रिचर्डने बांधलेला शातो गायारचा किल्ला पडला, जूनमध्ये रूआं शहराने दारं उघडली, संपली नॉर्मंडी.

माझं मत विचाराल तर जॉनचं सगळं चरित्र या एका प्रकरणात आहे. डोकं होतं, वेग होता, कष्टाची तयारी होती, फक्त दिलेला शब्द पाळायची सवय नव्हती. आणि त्या काळी राज्य चालायचंच शब्दावर.

आर्थरला जॉनने मारलं का?

मारलं किंवा मारवलं, यात आज फारशी शंका कोणी घेत नाही. एप्रिल १२०३ नंतर रूआंच्या किल्ल्यातून तो सोळा वर्षांचा पोरगा गायबच झाला. वेल्समधल्या मार्गम मठाच्या बखरीत लिहिलंय की जेवणानंतर दारूच्या नशेत जॉनने स्वतःच्या हाताने त्याला मारलं आणि अंगाला जड दगड बांधून सीन नदीत टाकलं, पुढे एका कोळ्याच्या जाळ्यात तो सापडला. मठातल्या साधूंना हे कोणी सांगितलं? तर या मठाला देणग्या देणारा विल्यम द ब्रिऊज हा जॉनचा खास माणूस आणि तो त्या वेळी रूआंमध्ये होता. म्हणून ही बखर लोक मनावर घेतात.

पुढची गोष्ट अजून वाईट आहे. काही वर्षांनी जॉनचं या ब्रिऊजशी फाटलं. राजाची माणसं पोरं ओलीस मागायला आली तेव्हा ब्रिऊजची बायको मटिल्डा तोंडावर म्हणाली की ज्याने सख्ख्या पुतण्याचं असं केलं त्याच्या हातात मी माझी पोरं देणार नाही. १२१० मध्ये ती आणि तिचा मोठा मुलगा पकडले गेले आणि कैदेत दोघांना उपाशी ठेवून मारलं. इंग्लंडमधल्या प्रत्येक सरदाराच्या घरात ही गोष्ट पोचली. तिच्यासारख्या मोठ्या घरातल्या बाईचं हे होतं तर आपलं काय, असं प्रत्येकाला वाटलं असणारच. (आर्थरची बहीण एलिनॉर, तिला मारलं नाही, पण १२४१ ला मरेपर्यंत नजरकैदेत. तिचा गुन्हा काय, तर जन्म.)

तो आळशी, ऐषारामी होता असं वाचलंय?

ऐषारामी म्हणा, आळशी नका म्हणू. हिशोबात अंघोळ घालणाऱ्या विल्यम नावाच्या नोकराला दिलेल्या पैशांच्या नोंदी आहेत, म्हणजे त्या काळच्या मानाने राजेसाहेब बरेचदा अंघोळ करायचे, दागिन्यांचा शौक, सोंगट्यांचा जुगार, आणि पुस्तकंही वाचायचा. पण काम म्हणाल तर हा माणूस एका जागी आठवडाभर टिकत नसे, सतत घोड्यावर, आज इथे उद्या तिथे, गावोगावी स्वतः खटले ऐकायचा. आणि त्याच्याच काळापासून राजाच्या कचेरीतून जाणाऱ्या पत्रांच्या, सनदांच्या नकला पद्धतशीर गुंडाळ्यांवर उतरवून ठेवायला लागले. त्याची एकेक भानगड आपल्याला आज तारखेनिशी कळते ती त्याच्याच ऑफिसच्या रेकॉर्डमुळे. रिचर्ड दहा वर्षांच्या राज्यात जेमतेम सहा महिने इंग्लंडात राहिला, तो हिरो, आणि हा नॉर्मंडी गेल्यावर इंग्लंडातच ठाण मांडून बसला, तो व्हिलन. सरदारांची अडचण हीच होती की राजा आता रोज दारात आणि प्रत्येकाच्या थकबाकीचा कागद त्याच्या पिशवीत.

पैसा कसा काढायचा?

नॉर्मंडी परत घ्यायची तर पैसा पाहिजे, त्यात त्या वर्षांत महागाई जोरात, भाडोत्री सैनिकांचे दर वाढलेले. मग जॉनने नवीन असं फार काही शोधलं नाही, जुने हक्कच शेवटच्या थेंबापर्यंत पिळले. लढाईला यायचं नसेल तर सरदाराने पट्टी भरायची, स्कूटेज म्हणतात, ती आधीच्या राजांनी क्वचित घेतली, याने सोळा वर्षांत अकरा वेळा. १२०७ ला सगळ्यांच्या उत्पन्नावर आणि जंगम मालावर तेराव्या हिश्श्याचा कर बसवला, त्यातून साठ हजार पाउंडांच्या आसपास आले, ही त्या काळी अफाट रक्कम.

मग वारसा. सरदार मेला की पोराने जहागीर नावावर करताना राजाला नजराणा द्यायचा, रीत म्हणून शंभर पाउंड बरे धरायचे, निकोलस द स्टुटव्हिल नावाच्या सरदाराला याने दहा हजार मार्क लावले. विधवेला परत लग्न करायचं नसेल तर तिने पैसे भरायचे, नाहीतर राजा म्हणेल त्याच्या गळ्यात तिला बांधणार. स्वतःची सोडलेली पहिली बायको जेफ्री द मँडव्हिलला दिली, दर वीस हजार मार्क. ज्यू सावकारांवर १२१० मध्ये ६६ हजार मार्कांची पट्टी, न देणाऱ्यांचा छळ.

आणि या सगळ्यात एक नोंद अशी आहे की वाचून हसावं का रडावं कळत नाही. ह्यू द नेव्हिल हा राजाचा जंगल खात्याचा मुख्य अधिकारी, त्याच्या बायकोने राजाला दोनशे कोंबड्या देऊ केल्या आहेत, कशासाठी, तर एक रात्र नवऱ्यासोबत घालवता यावी म्हणून. सरकारी कागदावर आहे हे. दरबारातली थट्टा असेल, राजा नवऱ्याला सतत फिरवत ठेवायचा त्यावर टोमणा असेल, किंवा त्याहून घाणेरडं काही असेल, प्रत्येक इतिहासकार आपापला अर्थ लावतो. सरदारांच्या बायका-मुलींवर राजाची नजर असते ही तक्रार तर होतीच.

बरं हे दंड, नजराणे सगळे वसूल करायचे नसायचेच. उधारी डोक्यावर टांगती ठेवायची, माणूस नीट वागला तर हप्ते सोपे, तोंड वर केलं तर एकदम सगळी रक्कम काढ नाहीतर किल्ला दे, पोरगा ओलीस दे. हा त्याचा कारभार.

पोपशी भांडण कशावरून?

कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा मुख्य धर्मगुरू, १२०५ ला वारला. तिथल्या साधूंनी गुपचूप आपला माणूस निवडला, जॉनने आपला पुढे केला, आणि पोप इनोसंट तिसरा म्हणाला दोघेही नकोत, स्टीफन लँग्टन घ्या. लँग्टन विद्वान माणूस पण वर्षानुवर्षं पॅरिसमध्ये राहिलेला, म्हणजे जॉनच्या हिशोबात शत्रूच्या गोटातला. जॉनने त्याला देशात पाऊल ठेवू दिलं नाही. मार्च १२०८ मध्ये पोपने अख्ख्या इंग्लंडवर बहिष्कार टाकला. चर्चमधली प्रार्थना बंद, मेलेल्यांना चर्चच्या जागेत पुरणं बंद, फक्त बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याचं पापनिवेदन चालू. सहा वर्षं हे चाललं. १२०९ ला खुद्द जॉनला धर्माबाहेर काढलं.

जॉनने काय केलं, तर चर्चच्या जमिनी ताब्यात घेऊन उत्पन्न खिशात घातलं. त्यावर कडी म्हणजे पाद्र्यांनी लपूनछपून ठेवलेल्या बाया उचलून आणल्या आणि पैसे भरून सोडवून न्या म्हणाला, आणि पाद्र्यांनी खरंच पैसे भरले! हे मात्र मला त्याचं मानावं लागतं, माणसाला दुखरी नस बरोबर सापडायची.

पण १२१३ ला फिलिप चढाईच्या तयारीत, सरदार कुजबुज करतायत, तेव्हा त्याने एकदम कोलांटी मारली. लँग्टनला मान्यता दिली आणि इंग्लंड आणि आयर्लंडचं राज्यच पोपला अर्पण करून वर्षाला हजार मार्कांच्या बोलीवर त्याचा मांडलिक झाला. लाजिरवाणं वाटतं, पण चाल म्हणून जबरी, कालपर्यंत शाप देणारा पोप आजपासून त्याचा पाठीराखा. पुढे कामाला आलाच.

सरदारांचा कडेलोट कधी झाला?

२७ जुलै १२१४, बुवीन. इतकी वर्षं साठवलेला सगळा पैसा लावून जॉनने दुहेरी डाव मांडला होता, आपण पश्चिमेकडून पोआतूतून चढायचं आणि भाचा, जर्मन सम्राट ओटो, आणि फ्लँडर्सवाल्यांनी ईशान्येकडून. पोआतूच्या सरदारांनी ऐनवेळी लढायला नकार दिला, तिकडे बुवीनला फिलिपने ओटोला झोडपलं. जॉन त्या लढाईत नव्हताही. पैसा गेला, मुलूख गेला, आणि घरी येऊन साहेबांनी काय केलं तर जे लढायला आले नव्हते त्यांच्याकडे स्कूटेज मागितलं.

उत्तरेकडचे सरदार आधी फुटले. १७ मे १२१५ ला बंडखोरांनी लंडन घेतलं, तेही लोक रविवारच्या प्रार्थनेत असताना, आणि लंडन गेल्यावर जॉनला बोलणी करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

रनीमीडला त्याने मॅग्ना कार्टावर सही केली ना?

सही नाही केली. चित्रांत तो पिसाची लेखणी घेऊन रडवेल्या चेहऱ्याने बसलेला दाखवतात ते सगळं नंतरचं. राजे तेव्हा सही करत नसत, मेणाचा मोठा शिक्का लावत, आणि तोही कचेरीतला माणूस लावायचा. जागा म्हणजे विंडसर आणि स्टेन्सच्या मधलं थेम्सकाठचं ओलसर कुरण, राजा एका बाजूच्या किल्ल्यातून आणि बंडखोर दुसऱ्या बाजूने येऊ शकतील आणि मोठी फौज उभी करणं अवघड जाईल असं. कागदावर तारीख १५ जून १२१५, प्रत्यक्ष शपथा होऊन समेट झाला १९ ला. मधे धावपळ करणारा माणूस तोच, लँग्टन. 'मॅग्ना कार्टा' हे नावही तेव्हाचं नाही, १२१७ ला जंगलांसाठी वेगळी छोटी सनद निघाली तेव्हा ही 'मोठी' झाली.

त्यात आहे तरी काय? लोकशाही तिथून सुरू झाली का?

लोकशाही वगैरे काही नाही हो. ६३ कलमं (आकडे नंतरच्या लोकांनी घातले, मूळ मजकूर सलग आहे), आणि बहुतेक कलमं म्हणजे वर सांगितलेल्या पैशाच्या तक्रारींची यादी. नजराणा शंभर पाउंडांवर नको. विधवेवर लग्नाची जबरदस्ती नको. देशाची संमती घेतल्याशिवाय स्कूटेज नको. थेम्स नदीतले मासे धरायचे बांध काढून टाका, ज्यांनी होड्या अडतात. दारू, धान्य, कापड यांची मापं देशभर एकसारखी करा. दंड करताना व्यापाऱ्याचा माल आणि कुळवाड्याची शेतीची अवजारं जप्त करू नका, हे एक कलम मला विशेष आवडतं कारण गरिबाच्या वाट्याला आलेलं ते थोडंसंच.

आणि या सगळ्या चिल्लरमध्ये ३९ आणि ४० दडलेली आहेत. कोणाही स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्या लोकांच्या न्यायनिवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय पकडणार नाही, कैद करणार नाही, मालमत्ता काढून घेणार नाही. आणि, न्याय कोणाला विकणार नाही, नाकारणार नाही, लांबवणार नाही. ब्रिऊज प्रकरण आठवलं की कळतं हे कशावरून आलं. आता 'स्वतंत्र माणूस' यात जमिनीला बांधलेला बहुसंख्य शेतकरी येत नव्हता, म्हणून फार भारावून जाऊ नका. पण शब्द लिहिले गेले आणि पुढच्या पिढ्यांनी त्यांची व्याप्ती वाढवत नेली.

सगळ्यात स्फोटक कलम ६१ वं होतं. २५ सरदारांची कमिटी, राजाने करार मोडला तर तिने राजाचे किल्ले आणि जमिनी जप्त करायच्या, फक्त राजा-राणी आणि पोरांच्या अंगाला हात लावायचा नाही. म्हणजे सरळ लिहूनच दिलंय की बाबा, तुझ्या शब्दावर आमचा विश्वास नाही.

मग ते पाळलं का?

छे. दोन्ही बाजूंनी नाही. सरदारांनी लंडन सोडलं नाही, आणि जॉनने आपल्या नव्या मालकाला, पोपला, लिहिलं. २४ ऑगस्टला पोपने हा करार जबरदस्तीचा आणि बेकायदा म्हणून रद्द केला. जेमतेम दहा आठवडे टिकलेला तह. सप्टेंबरपर्यंत परत युद्ध.

डुकरांची ती गोष्ट काय आहे?

रॉचेस्टरचा किल्ला. १२१५ च्या ऑक्टोबरात बंडखोर त्यात शिरले, जॉन वेढा घालून बसला, भिंती पडेनात. मग आग्नेय कोपऱ्यातल्या बुरुजाखाली भुयार खणून लाकडी टेकू लावले, आणि २५ नोव्हेंबरला जॉनने पत्र पाठवलं की खायला कमीत कमी लायक अशी चाळीस लठ्ठ डुकरं ताबडतोब पाठवा. त्यांची चरबी टेकूंना लावून पेटवली, टेकू जळाले, बुरूज कोसळला. आतले लोक तरीही मधल्या भिंतीमागून लढत राहिले, शेवटी उपासमारीने शरण आले. तो कोपरा पुढे परत बांधला तो गोल बांधला, बाकीचे तीन चौकोनी, आजही तसाच दिसतो.

खजिना समुद्रात बुडाला हे खरं?

सामान बुडालं हे खरं, किती ते वादाचं. मे १२१६ मध्ये बंडखोरांनी बोलावलेला फ्रान्सचा युवराज लुई इंग्लंडात उतरला, लंडनने त्याचं स्वागत केलं, देशाचा जवळजवळ अर्धा भाग त्याच्या बाजूला. जॉन फिरून फिरून लढत होता. १२ ऑक्टोबरला पूर्व किनाऱ्यावर वॉश नावाच्या खाडीत भरतीचा अंदाज चुकला आणि सामानाच्या गाड्या, घोडे, माणसं रुतणाऱ्या वाळूत गेली. एका बखरीत सगळा खजिना, सगळी फौज बुडाल्याचं वर्णन आहे, दुसऱ्या जास्त भरवशाच्या बखरीत नुकसान बरंच कमी. लोक आजही तिथे शोधतात. कोणाला काही सापडलेलं नाही, आणि समुद्र मागे हटून तिथे आता शेतं झालीत.

मेला कसा? विषप्रयोग?

विषाच्या कथा नंतरच्या आहेत. त्याला हगवण लागली होती, आजारी अवस्थेत न्यूआर्कच्या किल्ल्यात पोचला आणि १८-१९ ऑक्टोबर १२१६ च्या रात्री गेला. पीच फळं आणि ताजी साय्डर (सफरचंदाची दारू) जास्त झाली असं एक बखरकार लिहितो, त्याला जॉनच्या खादाडपणावर बोट ठेवायचं होतं. शरीर वुस्टरच्या कॅथेड्रलमध्ये पुरलं, दोन संतांच्या मधे. १७९७ ला थडगं उघडलं तेव्हा उंची भरली साडेपाच फुटांच्या जरा वर. मॅथ्यू पॅरिस नावाच्या साधूने नंतर लिहिलं की नरक घाण आहेच पण जॉन गेल्याने तो अजून घाण झाला.

आणि मरताच मॅग्ना कार्टा परत आला, हे कसं?

यातच खरी गंमत आहे. मुलगा हेन्री नऊ वर्षांचा, राज्य सांभाळायला सत्तरीतला विल्यम मार्शल, ज्याचे दोन मुलगे जॉनने एकेकाळी ओलीस ठेवले होते आणि तरी हा फुटला नव्हता. मार्शलने पहिलं काम केलं ते मॅग्ना कार्टा थोडी काटछाट करून, ६१ वं कलम गाळून, राजाच्या बाजूने स्वतःहून परत जाहीर करायचं. बंडखोरांच्या हातातला मुद्दाच काढून घेतला. भांडण जॉनशी होतं, नऊ वर्षांच्या पोराशी कसलं भांडण! १२१७ ला लिंकनला लुईची माणसं हरली, लुई दहा हजार मार्क घेऊन घरी गेला. १२२५ ला हेन्रीने परत सनद दिली, या वेळी कराच्या बदल्यात, आणि १२९७ ला ती कायद्याच्या दफ्तरात चढली. त्यातली हातावर मोजण्याइतकी कलमं ब्रिटनमध्ये आजही लागू आहेत.

रॉबिन हूडमधला तो दुष्ट प्रिन्स जॉन?

जुन्या रॉबिन हूडच्या गाण्यांत जॉन नाहीच, राजा आहे तो एडवर्ड नावाचा. सोळाव्या शतकात कोणीतरी रॉबिनला रिचर्डच्या काळात नेऊन बसवलं आणि तेव्हापासून जॉनची सुटका नाही. कार्टूनवाल्यांनी तर अंगठा चोखणारा सिंह केला त्याचा.

त्याने चांगलं काहीच केलं नाही?

केलं की. १२०७ ला लिव्हरपूलला सनद देऊन गाव वसवलं, आरमार उभं केलं, १२०९ ते १२१२ मधे स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स तिन्हीकडे एवढा दबदबा होता जेवढा त्याच्या बापाचाही क्वचित. पण त्याच १२१२ मध्ये वेल्सवाले उठले म्हणून नॉटिंगहॅमला ओलीस ठेवलेली २८ पोरं फासावर चढवली. त्याचं कौतुक करायला घेतलं की असं काहीतरी आडवं येतंच, काय करणार.

भारताशी याचा काही संबंध?

थेट नाही. पण आपल्या घटनेचं कलम २१, कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कोणाचं जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य काढून घेता येणार नाही, त्याची वंशावळ वकील लोक मागे नेत नेत त्या ३९ व्या कलमापर्यंत नेतात. आणि रनीमीडच्या कुरणात एक ओकचं झाड आहे, ते १९९४ ला पी. व्ही. नरसिंह रावांनी पंतप्रधान असताना लावलेलं, म्हणजे आपल्या रामटेकच्या जुन्या खासदारांनी.

मूळ कागद कुठे बघायला मिळेल?

१२१५ च्या चार प्रती उरल्यात. दोन लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, एक लिंकनला, एक सॉल्सबरीला. यूकेत कोणी नातेवाईक असतील तर लंडनहून सॉल्सबरी एका दिवसात होतं, स्टोनहेंजही त्याच बाजूला. अक्षर बारीक आणि लॅटिन, वाचता काही येत नाही, आधीच सांगून ठेवतो.

त्या इसाबेला राणीचं पुढे काय झालं?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि उत्तर सगळ्यात फिल्मी आहे. जॉनपासून तिला पाच मुलं. तो गेल्यावर ती पोरांना इंग्लंडात सोडून माहेरी अँगुलेमला गेली. तिथे तिची लहान मुलगी जोन आधीच सासरी नेऊन ठेवलेली, कारण जुना अपमान मिटवायला जॉनने तिचं लग्न लुझिन्यां घराण्यातच ठरवलं होतं, इसाबेलाचं ज्याच्याशी मोडलं त्या ह्यूच्या मुलाशी, त्याचंही नाव ह्यूच. १२२० ला या धाकट्या ह्यूने मुलीऐवजी आईशीच लग्न केलं. इंग्लंडच्या दरबाराला विचारलंही नाही, वर हुंड्याचा वाद मिटेपर्यंत पोरीला अडकवून ठेवली. शेवटी जोन सुटली, १२२१ ला स्कॉटलंडच्या राजाशी तिचं लग्न झालं, आणि इसाबेलाला नव्या नवऱ्यापासून अजून अर्धा डझनाहून जास्त पोरं झाली, त्यातली बरीचशी पुढे सावत्र भावाच्या, म्हणजे हेन्रीच्या दरबारात येऊन बसली आणि इंग्लिश सरदारांची परत डोकेदुखी झाली.